शब्दचर्चा: 'परत होमवर जा' म्हणजे नक्की कुठे? (बॅक स्टॅकसाठी मराठी शब्द)

पाटीखडू
मी तालुक्याच्या गावी डिप्लोमाच्या मुलांना अँड्रॉइड शिकवतो. कोड इंग्रजीत, समजावणं सगळं मराठीत. गेल्या महिन्यात एका साध्या शब्दावर अडलो, म्हणून हा धागा. (बॅक स्टॅक म्हणजे उघडलेल्या स्क्रीनची एकावर एक रचना; बॅक केलं की सगळ्यात वरची निघते.)

वर्गातल्या एका मुलीने गावातल्या दूध संकलनासाठी ॲप केलं. होमवर, म्हणजे ॲपच्या पहिल्या स्क्रीनवर, सभासदांची यादी. नावावर टॅप केलं की नोंदीचा फॉर्म उघडतो: लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) आणि खाली 'जतन करा'. कामाच्या कागदावर मी लिहून दिलं होतं, "नोंद जतन झाली की परत होमवर जा." तिने तसं केलं. नोंद जतन झाली, होम आलं, सगळं ठीक दिसलं. मग मी स्क्रीनच्या कडेवरून बोट आत ओढलं (ही बॅकची खूण), तर होमच्या खालून तोच भरलेला फॉर्म समोर आला. लिटरच्या चौकटीत ६.५ तसेच. पुन्हा 'जतन करा' दाबलं आणि एकाच सभासदाच्या नावावर सकाळचं दूध दोनदा चढलं.

कोड पाहिला. जतन झाल्यावर तिने होमकडे 'नॅव्हिगेट' केलं होतं. म्हणजे तळाशी होम, त्यावर फॉर्म आणि त्यावर आणखी एक होम. मला हवं होतं 'पॉपबॅकस्टॅक': वरचा फॉर्म काढून टाका, खालचं होम आपसूक उघडं पडतं. "असं का केलंस?" विचारल्यावर ती म्हणाली, "सर, तुम्हीच लिहिलंय, परत होमवर जा. म्हणून परत गेले."

तिने मराठी बरोबरच वाचलं होतं. "परत सांग" म्हणजे पुन्हा सांग, "पुस्तक परत कर" म्हणजे होतं तिथे पोचव. 'परत' हे दोन्ही अर्थ बाळगून असतो आणि बोलताना आपलं काही अडत नाही. पण अँड्रॉइडमध्ये त्या दोन अर्थांसाठी दोन वेगळी फंक्शनं आहेत आणि त्यांचे परिणाम एकमेकांच्या उलट. एक चळतीवर भर घालतं, दुसरं चळत कमी करतं.

तर विचारायचं ते असं: बॅकसाठी संदिग्ध नसलेला शब्द कोणता? आणि स्टॅकला काय म्हणावं? वर मी ओघात 'चळत' लिहून गेलो आहे, पण तो पक्का नाही.

रानजाई
पाटीखडू, 'परत'बद्दल पूर्ण सहमत. त्याच्या जोडीला 'मागे'सुद्धा तपासा. "मागे एकदा आलो होतो" यात तो काळ दाखवतो, "घराच्या मागे" यात जागा, "अर्ज मागे घेतला" यात रद्द करणं. बॅक दाबल्यावर काय होतं? आधी पाहिलेली स्क्रीन येते, म्हणजे काळ. आणि समोरची स्क्रीन निकाली निघते, म्हणजे मागे घेणं. दोन्ही छटा उपयोगी पडतात. 'पुन्हा'चा अर्थ मात्र 'मागे'ला कधीच चिकटत नाही. त्यामुळे बटणासाठी 'मागे' चांगला.

आमच्या साताऱ्याकडे 'माघारी' म्हणतात. "बाजारातून माघारी आला", "वाटेतून माघारी फिरला". यात पुन्हा जाण्याचा मागमूस नाही. गेलेल्या वाटेनेच उलट येणं, एवढाच अर्थ. शहरात 'माघार'मुळे हरल्याचा वास येतो, म्हणून बटणावर नको. पण वर्गात बोलताना "माघारी होमवर ये" म्हणालात तर त्या मुलीने नॅव्हिगेट लिहिलं नसतं असं मला मनापासून वाटतं. क्रियापदही बघा, 'जा' नाही, 'ये'. होम तिथेच आहे, आपण तिकडून निघालो होतो, म्हणून 'ये'. 'जा' म्हटलं की नव्या ठिकाणी निघाल्यासारखं होतं.

उंबरठा
हा 'जा' आणि 'ये'चा फरक फार मोलाचा आहे. नॅव्हिगेटला 'जा', पॉपला 'ये'. लिहून ठेवतो.

आता स्टॅक. एकावर एक ठेवलेल्या वस्तूंसाठी मराठीत शब्दांची कमी नाही, उलट वस्तू बदलली की शब्द बदलतो. पोत्यांची थप्पी. भाकऱ्यांची चवड. नाण्यांची, ताटांची चळत. मडक्यांची उतरंड. कडब्याची गंजी. दहीहंडीत थर. यातला प्रत्येक शब्द रचायची वेगळी पद्धत सांगतो, म्हणून कुठलाही उचलून चालणार नाही.

'थर' म्हणजे एक पातळी, अख्खी रचना नव्हे, त्यामुळे तो एका स्क्रीनसाठी चालेल, स्टॅकसाठी नाही. 'थप्पी' शेजारी-शेजारीही लागते, गोदामात पोती आडवी-उभी सांधून लावतात आणि बाजूनेही काढता येतात. 'ढीग' आणि 'रास' यांना क्रमच नसतो.

'उतरंड' पहिल्यांदा मोहात पाडते. जुन्या स्वयंपाकघरात तळाशी मोठं मडकं, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. तळच्या मडक्यातलं धान्य हवं तर वरची सगळी एकेक करून खाली घ्यावी लागतात. शेवटी ठेवलेलं पहिलं निघतं, हा स्टॅकचा नियम त्यात चोख आहे. पण उतरंडीत आकार उतरता असतो, स्क्रीन मात्र सगळ्या सारख्या. शिवाय 'जातींची उतरंड' या प्रयोगाने शब्दाला श्रेष्ठ-कनिष्ठाचा अर्थ कायमचा लागला आहे. माझा त्याला ठाम विरोध आहे. मुलांच्या डोक्यात होम स्क्रीन 'खालची' म्हणून कमी दर्जाची, असं काही जायला नको.

उरल्या चवड आणि चळत. दोन्हींत सपाट, एकाच मापाच्या वस्तू नीट एकावर एक. माझा कौल 'चळत'. लग्नाच्या पंगतीतली ताटं आठवा. धुऊन आलेलं ताट वर ठेवायचं, वाढायला घ्यायचं तेही वरचंच. मधलं ताट कोणी ओढत नाही.

पाटीखडू
इंग्रजीत पुश-पॉप (स्टॅकवर ठेवणं आणि काढणं) समजावताना उपाहारगृहातली स्प्रिंगवरची ताटंच दाखवतात! आपली पंगत तिथे बरोबर बसते, स्प्रिंगचीही गरज नाही.

जाता जाता एक. ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने १९४६ साली स्टॅकची हीच कल्पना मांडताना 'पुरणे' आणि 'उकरून काढणे' या अर्थाचे शब्द वापरले होते. म्युनिकचे संगणकशास्त्रज्ञ बाउअर आणि झामेलझोन यांनी १९५७ साली पेटंटसाठी अर्ज केला तेव्हा त्यांचा शब्द होता 'केलर', म्हणजे तळघर. प्रत्येकाने हाताशी असलेल्या वस्तूतून शब्द घडवला आहे, मग आपण ताटांची चळत घ्यायला काय हरकत?

'पुश'ला मी आजवर 'ढकलणे' म्हणत होतो. ते बंद. एका मुलाने वहीत बाण आडवे काढले होते, एक स्क्रीन दुसरीला बाजूला ढकलते आहे असे. 'वर ठेवणे' आणि 'वरचं काढणे' इतकं पुरे.

खडीसाखर
मी दृष्टिहीन वापरकर्त्यांसोबत ॲप तपासण्याचं काम करते, त्या बाजूने लिहिते.

टॉकबॅक (स्क्रीनवरचं वाचून ऐकवणारी अँड्रॉइडची सोय) मराठीत चालू ठेवून वरच्या पट्टीतल्या डावीकडच्या बाणावर बोट ठेवा. पुष्कळ ॲपमध्ये ऐकू येतं, "वर नेव्हिगेट करा". माझ्या एका सहकारी ताईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांनी स्क्रीन वर सरकवायला दोन बोटं लावली. त्यांच्यासाठी 'वर' म्हणजे यादीचा वरचा भाग. दुसरं काही असायचं कारणच नव्हतं.

हा 'वर' म्हणजे अँड्रॉइडचं 'अप'. २०११ मध्ये टॅब्लेटसाठीच्या ३.० आवृत्तीबरोबर ॲक्शन बार (हीच वरची पट्टी) आला, त्यातून तो रुळला. बॅक म्हणजे ज्या क्रमाने आलात त्या क्रमाने मागे, आणि अप म्हणजे ॲपच्या रचनेत एक पायरी वर, पालक स्क्रीनकडे. आता तुमच्या चळतीत बसवून बघा. नवी स्क्रीन चळतीत 'वर' असते, आणि 'वर' जायचं बटण आपल्याला नेतं चळतीत 'खाली' असलेल्या पालकाकडे. एकाच शब्दाची दोन विरुद्ध टोकं. उतरंडीला उंबरठा यांनी केलेला विरोध मला इथे आणखी पटला. मडक्यांत मोठं तळाशी, समाजात मोठं माथ्याशी, आणि तोच घोळ या 'वर'मध्ये आहे.

आज एकाच ॲपच्या आत अप आणि बॅक सारखेच वागावेत अशी शिफारस आहे. फरक उरतो तो एवढा की अप कधी ॲपच्या बाहेर काढत नाही. मग ऐकवायला 'मागे' का नको? त्याहून चांगलं म्हणजे ठिकाणाचं नाव: "सभासद यादीकडे". आम्ही ज्या ॲपवर काम केलं त्यात तो मजकूर असा बदलून घेतला, आणि ताईंना पुन्हा विचारावं लागलं नाही.

रानजाई
"सभासद यादीकडे" किती नेमकं आहे! दिशा सांगण्यापेक्षा ठिकाण सांगितलेलं बरं. गावात वाट विचारली तर कोणी उत्तर-दक्षिण सांगत नाही, "पाराकडे जा" म्हणतात.

पाटीखडू
खडीसाखर, हे मी उद्याच वर्गात ऐकवून दाखवणार आहे. मनापासून आभार.

अजून एक अडचण. लॉगिन झाल्यावर होमवर गेलं की मागे येताना लॉगिन पुन्हा दिसू नये. त्यासाठी 'पॉपअपटू' (ठरावीक स्क्रीनपर्यंत वरचं काढणं) लिहितात आणि सोबत 'इन्क्लुझिव्ह' (ती स्क्रीनही काढायची का) खरं की खोटं ते सांगतात. मी म्हणतो, "लॉगिनपर्यंत काढ." मुलं विचारतात, लॉगिन काढायचं की ठेवायचं? निम्मी मुलं एक करतात, निम्मी दुसरं.

उंबरठा
'पर्यंत' हा मराठीतला जुना वादाचा शब्द आहे. "सोमवारपर्यंत रजा" म्हटलं की सोमवारी कामावर यायचं की नाही, यावरून किती घरांत आणि कचेऱ्यांत बोलणी झाली असतील. पण त्यावरचं उत्तरही मराठीतच तयार आहे: 'धरून' आणि 'सोडून'. "दोन्ही दिवस धरून पाच दिवस", "रविवार सोडून". हिशेबातले, रोजच्या वापरातले शब्द.

म्हणून: "लॉगिन धरून वरचं सगळं काढ" म्हणजे इन्क्लुझिव्ह खरं. "लॉगिन सोडून वरचं सगळं काढ" म्हणजे खोटं. 'समावेशक' वगैरे शब्द इथे आणूच नका.

पाटीखडू
'धरून' आणि 'सोडून'! इतकी वर्षं हे रोज बोलतो आणि वर्गात कधी सुचलं नाही. झालं, हेच घेतो. मग 'सिंगलटॉप'लाही नवा शब्द नको, वाक्यच पुरे: "वर तेच असेल तर दुसरं ठेवू नको."

संज्ञा मात्र मी बदलणार नाही. बॅक स्टॅक, ॲक्टिव्हिटी, फ्रॅगमेंट, टास्क हे शब्द मुलांना मुलाखतीत लागणार, एरर शोधताना लागणार. ते देवनागरीत तसेच राहू देत. मराठी लागते ती क्रियापदांना आणि 'परत', 'पर्यंत', 'वर' अशा छोट्या शब्दांना. चूक तिथेच होते, कारण ते आपल्याला येतात असं आपण धरून चालतो.

खडीसाखर
हे मी माझ्या टीमला जसंच्या तसं पाठवते आहे. एक भर: अँड्रॉइड १३ पासून मागे जाण्याची खूण करताना खालचं काय आहे ते आधी दिसू लागण्याची सोय सुरू झाली आणि अँड्रॉइड १५ मध्ये तयारी केलेल्या ॲपना ती सरळ मिळू लागली. बोट सावकाश ओढलं की वरची स्क्रीन आक्रसते आणि मागची डोकावते. डोळस मुलांना चळत दाखवायला याहून सोपं साधन नाही. बोट न सोडता थांबायला सांगा आणि विचारा, "खाली काय आहे?" दुधाच्या ॲपमध्ये खालून फॉर्म डोकावला असता तर चूक दूध दोनदा चढण्याआधीच पकडली गेली असती.

रानजाई
माझी एक शंका राहिली. भावाने दाखवलं: "दुधाचा दर बदलला" अशी सूचना आली, त्यावर टॅप केलं, थेट दराचं पान उघडलं. मागे गेला तर होम. पण तो होमवर गेलाच नव्हता! मग इथे 'माघारी' कसं म्हणायचं? ज्या वाटेने आलोच नाही तिथून माघारी कसं येणार?

पाटीखडू
बरोबर पकडलंत. सूचनेवरून थेट आत शिरताना ॲप खालच्या स्क्रीन स्वतः रचून ठेवतं, म्हणजे वापरणारा एकदम बाहेर फेकला जात नाही. माणूस होमवरून चालत आला असता तर चळत जशी झाली असती, तशीच ती मांडतात. इंग्रजीत तिला कृत्रिम या अर्थाचा शब्द आहे, पण 'कृत्रिम' म्हटलं की मुलांना काहीतरी खोटं वाटतं.

उंबरठा
'आयती चळत' म्हणा. ताटं आपण मांडली नाहीत, कोणीतरी आधीच मांडून ठेवली आहेत. आयत्या बिळासारखं नाही, आयत्या वेळेसारखंही नाही. घरी पोचावं आणि आयतं गरम पाणी मिळावं, त्या अर्थाने.

रानजाई
'आयती' आवडलं. आणि तिथे 'माघारी' नको, 'मागे'च ठेवा. मागे काय आहे हे आपण तिथून आलो नसलो तरी असतंच.

पाटीखडू
कामाचा कागद आत्ता बदलला. नवी ओळ: "नोंद जतन झाली की फॉर्म काढ आणि माघारी होमवर ये." उद्या त्याच मुलीला आधी वाचायला देतो.