१२ लाखांत वर्ष काढायचंय, जर्मनी की आयर्लंड?

सांगलीकर: लहान बहिणीला मास्टर्ससाठी जर्मनीतलं लाइपझिग आणि आयर्लंडमधलं डब्लिन, दोन्हीकडून ऑफर लेटर आलंय. फीचं लोनमधून बघू, पण राहण्याखाण्याला वर्षाला १२ लाखच आहेत, तेही बाबांच्या रिटायरमेंटच्या पैशांतले, वर काही निघणार नाही. जर्मनीला ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (आधी सगळे पैसे भरायचे, मग दर महिन्याला ठरावीकच मिळतात) ११,९०४ युरो ठेवावे लागतात, आयर्लंडच्या व्हिसाला १०,००० दाखवले की झालं, त्यामुळे आयर्लंड स्वस्त असं बाबा धरून बसलेत. युरो शंभरला धरला तरी दोन लाखांचा फरक पडतो ना. तिथे राहणाऱ्यांनी प्लीज खरं काय ते सांगा.

डब्लिन_३वर्षं: दादा, तो १०,००० चा आकडा व्हिसापुरता आहे, त्यात डब्लिनमध्ये वर्ष निघत नाही. मी पहिल्या वर्षी दोघांत एक खोली घेतली होती, माझ्या वाट्याला ६५० युरो यायचे, वर लाईट-हीटिंगचं बिल वेगळं, आणि ती खोली मिळेपर्यंत पाच आठवडे हॉस्टेलमध्ये बॅग उघडी टाकून राहिलो. आठवड्याला २० तास काम करता येतं, सुट्टीत ४०, पण काम मिळेलच हे धरून बजेट करू नका. डब्लिनच पाहिजे असेल तर आधी खोली, मग तिकीट.

लाइपझिगची_ताई: माझा महिन्याचा हिशोब देते. शेअरिंग फ्लॅटमध्ये स्वतःची खोली ३४० (हीटिंग धरून), हेल्थ इन्शुरन्स दीडशेच्या आसपास, किराणा १८०-२००, मोबाईल १०. ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ हातात येतात, त्यातले तीनशेच्या आसपास उरतात. तूरडाळ, पोहे इंडियन स्टोअरमधून महिन्यातून एकदाच आणते, बाकी सगळं साध्या सुपरमार्केटमधलं, आणि रिकाम्या बाटल्या मशीनला परत दिल्या की एकेका बाटलीचे २५ सेंटपर्यंत मिळतात तेही सोडत नाही. पण हे म्युनिकला लागू नाही हं, माझी मैत्रीण तिथे नुसत्या खोलीचे ७५० भरते. देशापेक्षा शहर बघा.

सांगलीकर: ताई खूप आभार. मग ९९२ मध्ये सगळंच बसतं का?

लाइपझिगची_ताई: पहिला महिना बसत नाही, आणि हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. डिपॉझिट, म्हणजे काउत्सिओन, तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत मागू शकतात, आणि ब्लॉक्ड अकाउंटमधून एका महिन्यात ९९२ च्या वर निघत नाही, तेही इथे बँकेत खातं उघडल्यावर. मला तेव्हा रूममेटकडून उसने घ्यावे लागले, फार ओशाळल्यासारखं झालं. बहिणीजवळ दीड हजार युरो वेगळे द्या, १२ लाखांच्या बाहेरचे, कसंही करून. आणि श्टुडेंटनवेर्कच्या (विद्यार्थ्यांची होस्टेलं चालवणारी संस्था) होस्टेलला आजच अर्ज टाका, वेटिंग मोठं असतं.

सांगलीकर: बाबांना आत्ता वाचून दाखवलं. एक एफडी मोडू म्हणाले. होस्टेलचा फॉर्म भरायला बसलीये ती.