डॉक्टर हू (बीबीसीची सायन्स फिक्शन सिरीयल): बाराची लिमिट मोडली तिथेच मजा गेली, पटतंय का?

निशाचर: १९७६ च्या ‘द डेडली असासिन’ या गोष्टीत नियम सांगितला, टाइम लॉर्डला (म्हणजे डॉक्टरच्या जमातीतल्या कुणालाही) मरताना बारा वेळाच शरीर बदलता येतं, म्हणजे एकूण तेरा जन्म, खेळ खल्लास. त्याच गोष्टीत डॉक्टरचा वैरी, टाइम लॉर्डच असलेला मास्टर, त्याचे बारा संपलेत, कातडी सडलीय, डोळे बटबटीत, आणि अजून जगायला मिळावं म्हणून गडी टाइम लॉर्डांचा अख्खा ग्रह गॅलिफ्रे पणाला लावतोय. बघून अंगावर काटा येतो राव. मग २०१३ च्या ख्रिसमसला डॉक्टरवर तीच वेळ आली, तेव्हाचा डॉक्टर मॅट स्मिथ पार म्हातारा, हातात काठी, आणि झालं काय तर त्याची सोबतीण क्लाराने भिंतीतल्या भेगेपाशी विनवणी केली आणि पलीकडच्या टाइम लॉर्डांकडून नवा कोटा आला, रिचार्ज मारल्यासारखा!

चहाबाज: अरे पण ही भानगड सुरू का झाली ते बघ की. १९६६ मधे पहिला डॉक्टर झालेल्या विल्यम हार्टनेलची तब्येत साथ देईना, सिरीयल तर चालवायची होती, म्हणून तो कोसळला आणि त्याच्या जागी पॅट्रिक ट्राउटन उठला. तेव्हा कुठे होते बारा? दहा वर्षांनी एका लेखकाने गोष्टीच्या सोयीसाठी आकडा टाकला, त्याला काय वेदवाक्य मानायचं? बीबीसीने तेराव्यानंतर दुकान बंद करायचं का?

निशाचर: दुकान चालू ठेवा ना, पण मग मरणाची भीती दाखवून रडवू नका.

सावली_२: रडू त्याचं नसतंच. डॉक्टर झालेला डेव्हिड टेनंट शरीर बदलताना ‘मला जायचं नाहीये’ म्हणतो तेव्हा त्याला पक्कं ठाऊक असतं की आठवणी राहणार, पण जो उठेल तो दुसराच कोणीतरी असेल. स्मिथनंतरचा डॉक्टर कपाल्डी तर उठल्या उठल्या नव्या किडन्यांच्या रंगावरून कुरकुरतो! मला विचाराल तर हे अमरत्व नाहीच, हप्त्याहप्त्याने मरणं आहे.

पुरूचा_वकील: खरा अमरत्वाचा हावरा मास्टर. १९८१ मधे त्याने डॉक्टरची सोबतीण नीसा, तिच्या बापाचं, ट्रेमासचं शरीर बळकावलं आणि नंतर तोच चेहरा घेऊन तिच्यासमोर उभा. ययातीने निदान पोराकडे मागितलं तरी, आणि शेवटी परतही दिलं.

चहाबाज: बरोबर! डॉक्टरने तर कुणाचं काही घेतलं नाही ना, मग निशाचर, तू त्याच्याच बारावर का बसलायस?

निशाचर: फुकट मिळालं हाच तर प्रॉब्लेम आहे बाबा. ययातीला पुरूच्या म्हाताऱ्या तोंडाकडे बघत जगावं लागलं, मास्टरला खून करावा लागला. डॉक्टरने काय टाकलं? एक बो टाय.