मदत हवी आहे: तांबूस ठिपक्याची बंबलबी आणि शरदातली पानं

मंडळी, मिनेसोटात राहणाऱ्यांनी जरा वाचा. परवा मागच्या अंगणात मोनार्डा या रानफुलावर एक केसाळ, गुबगुबीत बंबलबी (मधमाशीच्या कुळातली माशी) बसली होती. पोटाच्या दुसऱ्या वलयावर मधोमध गंजासारखा तांबूस ठिपका आणि त्याला पिवळ्या केसांची किनार. ही रस्टी पॅच्ड बंबलबी असावी का? तपकिरी पट्ट्याच्या दुसऱ्या जातीत ठिपक्यामागे काळं असतं असं वाचलंय, इथे मागेही पिवळंच होतं. फोटो थोडा हलला आहे, तरी कमेंटमध्ये टाकते.

खरीच असेल तर मला रात्री झोप यायची नाही! एके काळी 28 राज्यांत दिसणारी ही माशी 2017 साली अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत गेली, आणि 2019 पासून ती आपल्या मिनेसोटा राज्याची अधिकृत मधमाशी (राज्याचं प्रतीक) आहे.

माझी खरी अडचण पुढे आहे. थंडीत वसाहतीतल्या बाकी सगळ्या माश्या मरतात, फक्त नव्या राण्या मऊ मातीत जेमतेम काही सेंटिमीटर खाली झोपून राहतात. म्हणजे पानं ओढून काढली, माती उकरली की पुढच्या वर्षीची अख्खी वसाहत गेली. मी झाडांखालची पानं तशीच ठेवणार आहे, पण शेजारच्या काकांना तो कचरा वाटतो आणि ते लॉनवर कीटकनाशकही मारतात. माणूस फार चांगला आहे, दुखवायचं नाहीये. कुणी शेजाऱ्यांना असं पटवून दिलंय का? काय बोललात? आणि एप्रिलमध्ये राणी उठते तेव्हा तिला लगेच मिळतील अशी कोणती स्थानिक फुलं तुम्ही सावलीत लावलीत?