माजी सैनिकांची घरपट्टी माफ, पण पैसे जातात कोणाच्या खिशातून?

पंच, निफाड तालुका

आधीच सांगतो, माझे सख्खे चुलते फौजेत होते. त्यामुळे "तुला फौजीची काय किंमत" हे वाक्य कोणी टाकू नये.

२०२० साली राज्य सरकारने बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना आणली. त्याआधी घरपट्टीची माफी शौर्यपदकवाल्यांना आणि सैनिकांच्या विधवांना होती, आता ती सगळ्याच माजी सैनिकांना आहे, राहत्या एका घरापुरती. गावात ग्रामपंचायतीने सोडायची, नाशिकसारख्या शहरात महापालिकेने. निर्णय झाला मंत्रालयात, हार-तुरे मंत्रालयात, आणि वजाबाकी आमच्या रजिस्टरात.

मी ग्रामपंचायत सदस्य आहे. आमच्या गावात एक आख्खी आळीच फौजींची. रस्त्यावरचे दिवे, पाण्याच्या मोटारीचं बिल, शिपायाचा पगार हे सगळं घरपट्टीतूनच ओढायचं. मार्चमध्ये वसुलीला निघालो की द्राक्षबागेत खुडायला जाणाऱ्या बाईच्या पत्र्याच्या घरावर नोटीस चिकटवायची, आणि शेजारच्या दुमजली बंगल्यापुढून मान खाली घालून पुढं जायचं, कारण तिथं माफी. बंगलेवाले मेजर चहाला बोलावतात, ते वेगळंच. (शिपाई असो की सुभेदार, गावात सगळे मेजरच.)

माझं म्हणणं एवढंच की माफी जरूर द्या, पण सरकारने तेवढी रक्कम ग्रामपंचायतीला भरून द्यावी. आणि पेन्शनवाला आणि बिनपेन्शनवाला एका तागडीत घालू नये.

देवळालीचा गनर

पंच साहेब, २४ वर्षं नोकरी केली, त्यातली जेमतेम चार घराजवळ. जम्मूकडे राजौरीला होतो तेव्हा घरपट्टी म्हाताऱ्या बापाने भरली, पावत्या अजून ट्रंकेत आहेत. तेव्हा गावानं काही विचारलं नाही, आता बंगला दिसायला लागला.

माफी एकाच घराला आहे. प्लॉट, दुकान, दुसरा फ्लॅट असेल तर आम्हीही रांगेत उभं राहून भरतो. वर जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याचा दाखला आणावा लागतो, नुसतं टोपी घालून आलं की माफी असं नाही. जवान चाळिशीच्या आसपास घरी येतो, पोरं सातवी-आठवीत असतात. पेन्शनवर भागतं म्हणणाऱ्याने एकदा पोराची इंजिनिअरिंगची फी भरून दाखवावी. माझ्या बॅचचे कितीतरी जण मेस्कोकडून, म्हणजे माजी सैनिक महामंडळाकडून, सिक्युरिटीच्या ड्यूटीवर आहेत. रात्रपाळी. हौस म्हणून नाही.

आणि गावाचा खड्डा खरंच बुजवायचा असेल तर थकबाकीदारांची यादी चावडीवर लावा. त्यात फौजी किती आणि पुढारी किती ते मोजू.

पंच, निफाड तालुका

यादीचं बोलणं लागलं. तिच्यात माझा मेव्हणा आहे. तरी भरपाईचा मुद्दा सोडत नाही.

एमपीएससीवाला, गंगापूर रोड

घरपट्टी किरकोळ हो. राज्याच्या गट क आणि गट ड भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण (म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच राखलेल्या जागा), शिवाय वयात सेवेचा काळ अधिक तीन वर्षं सूट. पेन्शनही घ्यायची आणि तलाठ्याची खुर्चीही? आम्ही सहा-सहा वर्षं अभ्यासिकेत खुर्च्या झिजवतोय.

देवळालीचा गनर

बाळा, समांतर आरक्षण म्हणजे काय ते अभ्यासिकेत शिकवलं असेलच. पात्र माजी सैनिक मिळाला नाही तर जागा वाया जात नाही, त्याच प्रवर्गातल्या दुसऱ्या उमेदवाराला जाते. तलाठी व्हायला आम्हालाही तोच पेपर द्यावा लागतो, फरक एवढाच की आम्ही तो पोराच्या शेजारी बसून देतो.

सिन्नरची लेक

मघापासून वाचतेय. बंगला, पेन्शन, खुर्ची. आमच्या घरात यातलं काहीच नाही, म्हणून लिहिते.

वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. नऊ वर्षांनी घरच्या अडचणीमुळे नाव काढून परत आले, त्यामुळे पेन्शन नाही. ते गेल्यावर आई राहते ते घर चुलत्यांच्या नावावर. म्हणजे घरपट्टीची माफी तिच्या कामाचीच नाही. माफी कोणाला मिळते बघा, ज्याच्या नावावर घर आहे त्याला.

पेन्शन नसलेल्या, पासष्टी ओलांडलेल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्ड महिन्याला मदत देतं. हे पैसे राज्याचे नाहीत. चार हजार होते, १ नोव्हेंबर २०२५ पासून आठ हजार झाले. आई अडुसष्टची आहे. अडकलं कशात, तर नावात. डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौज सोडताना मिळतं त्या सेवेच्या पुस्तकात, "लक्ष्मी", आधारवर "लक्ष्मीबाई". ते बुक तिने दुधाच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवलंय, पानं पिवळी, वडिलांच्या सहीवर पाण्याचा डाग. एका खिडकीवरच्या साहेबांनी ते दोन बोटांत धरून परत सरकवलं, "रेकॉर्डवरून दुरुस्त करून आणा."

वडील तोफखान्यात असते तर सैनिकांच्या नोंदी ठेवणारं रेकॉर्ड ऑफिस नाशिकरोडला, तासाभरात जाऊन आले असते. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला. प्रतिज्ञापत्र झालं, दोन अर्ज झाले, वर्ष गेलं. एका "बाई"साठी.

देवळालीचा गनर

ताई, आधी हे लिहायचं ना. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक असतात, त्यांना गाठा. तेही माजी सैनिकच, तालुक्याला दौऱ्यावर येतात. नावातल्या फरकाचं पत्र कार्यालयामार्फत रेकॉर्डला गेलं तर उत्तर लवकर येतं, आपण एकटं पाठवलेलं पाकीट गठ्ठ्यात बसतं. बुकाच्या पहिल्या आणि कुटुंबाच्या पानाच्या रंगीत प्रती काढा. मूळ बुक कोणाच्याही हातात सोडू नका.

सिडकोचा भाचा

आणि अग्निवीरांचं काय? नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरमधून पोरं ट्रेनिंग घेऊन गेली. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ अखेरीपासून भरू लागणार. त्यातले पंचवीस टक्क्यांपर्यंत आत, बाकीचे घरी. हातात सेवानिधीचे, म्हणजे एकरकमी, साधारण ११.७१ लाख, पण माजी सैनिक हा दर्जा नाही. म्हणजे घरपट्टीची माफी नाही, माजी सैनिकांचं आरक्षण नाही. राज्याने यांना योजनेत घ्यायला नको?

देवळालीचा गनर

इथं मी कडू बोलणार. नको. चार वर्षांत पोरगा धड तोफ ओळखायला लागतो. त्यांच्यासाठी वेगळं काही जरूर करा, पण आमच्यात मिसळू नका.

पंच, निफाड तालुका

मेजर, मग सिन्नरच्या ताईंचे वडील? नऊ वर्षं. तुमची रेघ कुठे ओढायची, चारवर की पेन्शनच्या पंधरावर? मघाशी मी पेन्शन-बिनपेन्शन वेगळं करा म्हणालो तर तुम्ही अंगावर आलात.

देवळालीचा गनर

ताईंचे वडील माजी सैनिकच, तो वाद नाही. रेघेचं... बघू. जेवून येतो.

एमपीएससीवाला, गंगापूर रोड

काका निरुत्तर झालेले पहिल्यांदा पाहिले. +१

सिन्नरची लेक

गनर काका, संघटक गुरुवारी तहसीलला येणार आहेत, फोन करून विचारलं. रंगीत प्रती काढल्या. पंच दादा, आठ हजार सुरू झाले की आईने पहिला खर्च ठरवूनच टाकलाय. चुलत्यांच्या नावावरच्या घराची तीन वर्षांची थकलेली घरपट्टी.