मदत हवी आहे: पद्मिनीला ऑल्टरनेटर बसवला, चार्जिंगच होत नाही

पंचगंगाकाठ:
वडिलांची 1982ची प्रीमियर पद्मिनी आहे. बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोचं आर्मेचर (आतली फिरती गुंडाळी) दोनदा भरून घेतलं, तरी गेलाच. म्हणून त्याच कामाचा, नव्या पद्धतीचा 45 अँपियरचा ऑल्टरनेटर जुन्या बाजारातून आणून बसवला. पट्टा सरळ बसलाय, वायरी जोडल्यात, पण चार्जिंग नाही. रविवारी पहाटे लग्नाला मिरजेला निघायचंय. लवकर सांगा.

घाटमाथा:
चार्जिंग नाही हे कशावरून? मीटर लावलात का? जुन्या कटआउटच्या डब्याचं, म्हणजे डायनॅमोचं चार्जिंग सांभाळणाऱ्या डब्याचं, काय केलंत?

पंचगंगाकाठ:
बॅटरीवर बंद गाडीत 12.5 व्होल्ट, चालू गाडीत 12.2, रेस दिली तरी तेवढंच. डबा काढला, त्याच्या दोन्ही जाड वायरी एकमेकींना जोडल्या. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा सतत लागलेला असतो, म्हणजे ती वायर तरी बरोबर आहे.

जुनंसोनं:
एवढा खटाटोप कशाला? गाडी चालू करा आणि बॅटरीची एक वायर काढा. इंजिन चालू राहिलं तर ऑल्टरनेटर चांगला.

घाटमाथा:
कृपया हे करू नका! बॅटरी सुटली की व्होल्टेज एकदम उसळतं, डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) आणि रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) दोन्ही जातात.

जुनंसोनं:
तीस वर्षं असंच बघतोय, एकही गाडी जळली नाही.

घाटमाथा:
काका, डायनॅमोवर खपून जायचं. ऑल्टरनेटरमध्ये डायोड असतात.

दादरकर:
डायनॅमो नवा बसवला की आधी पोलराइज करावा लागतो, म्हणजे बॅटरीचा करंट क्षणभर देऊन त्याची प्लस-मायनस दिशा ठरवावी लागते. अँबॅसिडरवाल्यांनी तर अर्थिंग पॉझिटिव्ह आहे का (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलंय का) तेही पाहावं, जुन्या गाड्यांत असायचं. बाकी पद्मिनी म्हटलं की जीव तुटतो. मुंबईतली शेवटची काळीपिवळी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. आमचं अख्खं बालपण तिच्या मागच्या सीटवर गेलं.

पंचगंगाकाठ:
डायनॅमो काढलाय हो, वर लिहिलंय. माझ्या प्रश्नाचं बोला ना.

घाटमाथा:
चावी ऑन, इंजिन बंद. ऑल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगपाशी स्क्रूड्रायव्हर न्या. आत रोटरला (फिरणाऱ्या विद्युतचुंबकाला) करंट मिळत असेल तर तो चांगला ओढला जातो. आणि तो लाल दिवा मूळ बल्बचाच आहे ना?

पंचगंगाकाठ:
अजिबात ओढत नाही. दिवा म्हणाल तर महिन्यापूर्वी डॅशबोर्डचे सगळे बल्ब एलईडी केले. त्याचा इथे काय संबंध?

घाटमाथा:
सगळा संबंध तिथेच आहे. अशा ऑल्टरनेटरला चेतवणारा पहिला करंट या दिव्यातूनच जातो. 3 वॅटचा साधा बल्ब पाव अँपियर सोडतो, एलईडीचा करंट त्याच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणून दिवा झगझगीत दिसतो आणि रोटर मात्र थंड. साधा 12 व्होल्टचा बल्ब घाला. पुन्हा मोजाल तेव्हा हेडलाइट लावूनही मोजा.

दुसरं जास्त महत्त्वाचं. डायनॅमोच्या जुन्या वायरीवर 45 अँपियर लादू नका. बी प्लसपासून, म्हणजे ऑल्टरनेटरच्या आउटपुटच्या टोकापासून, बॅटरीपर्यंत किमान 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वेगळी टाका, बॅटरीच्या बाजूला फ्यूज द्या. चाळीस वर्षं उन्हापावसात तापलेलं इन्सुलेशन आहे, लग्नाच्या वाटेवर धूर नको.

जुनंसोनं:
बल्बने काही होत नाही. कार्बन ब्रश झिजले असणार, खोलून बघा.

पंचगंगाकाठ:
बल्ब बदलला. सेल्फ मारला, जरा रेस दिली आणि दिवा विझला! बॅटरीवर 14.1, हेडलाइट लावून 13.6. बी प्लसवर त्याच वेळी 14.4, म्हणजे मधल्या वायरीत जवळजवळ पाऊण व्होल्ट जातोय. हात लावला तर वायर चांगलीच कोमट. शनिवारी नवी टाकतो, त्याशिवाय गाडी बाहेर काढत नाही. घाटमाथा, मनापासून आभार. बाबा दोन दिवस गाडीभोवती घुटमळत होते, आत्ता जेवायला बसले.

दादरकर:
तो कटआउटचा डबा टाकून देऊ नका. माझ्या गाडीला डायनॅमोच आहे, मला हवाय. निरोप पाठवलाय, बघा.