आधी औंध दाखवा तिला

एकांनी विचारलंय की भाचीला बी.ए. इतिहासानंतर संग्रहालयात काम करायचंय, पण साताऱ्यात राहून काय होणार? आधी तिला औंधला न्या. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात रविवर्म्याची चित्रं आहेत, ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं माय-लेकराचं शिल्पही आहे. आपल्याच जिल्ह्यात!

शिक्षणासाठी मात्र बाहेर पडावं लागेल. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात म्युझिऑलॉजीत, म्हणजे संग्रहालयशास्त्रात, एम.ए. करता येतं. संग्रहालयातलं खरं काम दालनात कमी, मागच्या कोठीत जास्त. वस्तूवर नोंदणी क्रमांक घालायचा तर दिसणार नाही अशा जागी आधी पारदर्शक रेझिनचा (वार्निशसारख्या लेपाचा) पातळ थर, त्यावर शाईने आकडा, वर पुन्हा थर. म्हणजे पुढे कधी काढायचा झाला तर मूळ वस्तूला धक्का लागत नाही. एवढी चिकाटी हवी. पगार सुरुवातीला बेताचाच, हे घरच्यांनी धरूनच चालावं.

जुन्या पेठा, वाडे यांचीच ओढ असेल तर आर्किटेक्चर करून मग वास्तुसंवर्धन, ही वाट वेगळी. आपल्याकडे चुन्याच्या भिंतींना सर्रास सिमेंटचा गिलावा मारतात. ओल आत कोंडते आणि तुळयांची टोकं कुजतात. चुन्याचं काम जाणणारी माणसं वाई-साताऱ्याला फार हवी आहेत. वाईजवळच्या मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडाही तिला निवांत बघू द्या.