शेळीपालनाच्या लोगोत कान चुकलेत, काय करू?

मुरबाडजवळ आमच्या ३२ उस्मानाबादी शेळ्या आहेत. ठाण्यातून लोगो करून घेतला. दिसायला छान, पण शेळी पांढरी आणि कान ताठ! आमच्या शेळ्या काळ्याभोर, कान लोंबते. म्हसा गावच्या जनावरांच्या जत्रेत बॅनर लावला तर जनावर पारखणारा माणूस काय म्हणेल? मला तर ते बघवतच नाही.

वाशीहून, छपाईवाला: ताई, परत करून घ्याच. डिझायनरला तुमच्या शेळीचा बाजूने काढलेला फोटो द्या, उन्हात, मागे पांढरी चादर धरून. काळी शेळी एकाच रंगात सुरेख उतरते, रबरी शिक्क्यावरसुद्धा. दोन सेंटिमीटरची प्रिंट काढा, त्यात कान ओळखू आला पाहिजे. आणि व्हेक्टर फाइल मागा, ती कितीही मोठी केली तरी चित्र स्पष्ट राहतं; नुसत्या जेपीजीवरून बॅनर छापला तर चित्र धूसर होतं.

कल्याणहून: छापण्याआधी ट्रेडमार्कचा शोध घ्या, म्हणजे असाच लोगो कुणी आधी नोंदवलाय का ते बघा. नोंदणीत मालाचे वर्ग असतात: जिवंत जनावरं वर्ग ३१, दूध-मटण वर्ग २९. वैयक्तिक अर्जाला ऑनलाइन फी प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये.

मूळ प्रश्नकर्ती: दादा, आज सकाळीच फोटो काढला. चंद्री एकदाची उभी राहिली, कानाची चिरसुद्धा स्पष्ट आलीय. तीच घेणार लोगोत.